डाग रक्ताचा, पण कोणाच्या?

सदऱ्यावर एक तांबूस-तपकिरी डाग आहे. तो गंजाचा असेल, पानाच्या पिंकेचा असेल, रंगाचा असेल किंवा रक्ताचा असेल. रक्ताचा ठरला तरी प्रश्न संपत नाही. रक्त माणसाचे, बोकडाचे, मेंढीचे की कोंबडीचे? तो सदरा ज्याच्या अंगावर होता, त्याचे सारे आयुष्य या एका उत्तरावर अवलंबून असू शकते. आज प्रयोगशाळेत हे उत्तर थोड्या वेळात मिळते. १९०१ पूर्वी मात्र वाळलेल्या डागाबद्दल ते खात्रीने सांगणे कोणत्याही डॉक्टरला किंवा रसायनतज्ज्ञाला शक्य नव्हते. ती खात्री देणारी पद्धत पॉल उलेनहूट या जर्मन डॉक्टरांनी मांडली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते.

डाग रक्ताचा आहे की नाही, एवढे ओळखण्याची साधने त्याआधीही होती. पोलिश शरीररचनातज्ज्ञ टाइखमन यांनी १८५३ मध्ये वाळलेल्या रक्तापासून हेमिनचे तपकिरी स्फटिक मिळवून दाखवले होते. ग्वायकम नावाच्या झाडाचा डिंक रक्ताच्या संपर्कात निळा पडतो, हेही माहीत होते. वर्णपटदर्शकातून हिमोग्लोबिनचे पट्टे दिसत. पण या साऱ्या कसोट्या हिमोग्लोबिन शोधतात, आणि हिमोग्लोबिन माणसात असते तसेच मेंढीतही असते. पॅरिसच्या बार्‍यूएल यांनी १८२९ मध्ये एक विलक्षण उपाय सुचवला होता. रक्तात सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि उठणाऱ्या वासावरून ते माणसाचे की जनावराचे हे ठरवायचे. नाकाच्या भरवशावर न्याय करणे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. सूक्ष्मदर्शकाची मदतही मर्यादित होती. पक्ष्यांच्या आणि माशांच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असते, त्यामुळे त्या वेगळ्या ओळखू येतात. सस्तन प्राण्यांत मात्र फरक मुख्यतः आकाराचा. माणसाची तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रॉनची, कुत्र्याची सातच्या आसपास, मेंढीची साडेचारच्या आसपास. एकदा डाग वाळला की पेशी आक्रसतात, फुटतात, आणि मग मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

याचा फायदा कोणाला होत असेल, हे सांगायला नको. खाटीक म्हणे जनावर कापले होते, शेतकरी म्हणे कोंबडी मारली होती. खरे बोलणारा आणि खोटे बोलणारा, दोघांचीही उत्तरे सारखीच असत. त्यामुळे गुन्हेगार सुटण्याचा धोका होता, तेवढाच निरपराध अडकण्याचाही होता.

पॉल उलेनहूट यांचा जन्म ७ जानेवारी १८७० रोजी हॅनोव्हर येथे झाला. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत शिकून ते सैन्यात डॉक्टर झाले. तो काळ जंतुशास्त्राच्या भरभराटीचा होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा आणि पटकीचा जंतू दाखवून दिला होता, तर बेरिंग यांनी घटसर्पावरचे सीरम तयार केले होते. तरुण उलेनहूट यांनी काही काळ कॉख यांच्या बर्लिनमधल्या संस्थेत काम केले आणि १८९९ मध्ये ते बाल्टिक किनाऱ्याजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या लहानशा विद्यापीठनगरीत आले. तिथल्या आरोग्यशास्त्र संस्थेचे प्रमुख होते फ्रीडरिश लोफलर. घटसर्पाचा जंतू वेगळा काढणारे आणि जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग गाळणीतूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म रोगकारकामुळे होतो, हे फ्रॉश यांच्यासह दाखवणारे ते हेच. रोगावर सीरम कसे बनवायचे, जनावर कसे टोचायचे, त्याचे रक्त कधी काढायचे, हे या संस्थेत रोजचे काम होते. उलेनहूट यांचा हात त्यात बसला.

सीरमशास्त्रात तेव्हा एक नवी गोष्ट समोर आली होती. व्हिएन्नाच्या क्राउस यांनी १८९७ मध्ये दाखवले होते की, जंतूंच्या गाळलेल्या द्रावात त्याच जंतूंविरुद्धचे सीरम मिसळले तर स्वच्छ द्राव गढूळ होतो आणि साका खाली बसतो. लवकरच बेल्जियमचे बोर्दे आणि रशियाचे चिस्टोविच यांच्या प्रयोगांतून दिसले की, यासाठी जंतूच हवेत असे नाही. दूध किंवा दुसऱ्या प्राण्याचे सीरम टोचले तरी प्राण्याचे शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे ते प्रथिन आणि त्या प्रतिपिंडांचे सीरम एकत्र आले की साका बसतो. असा साका बसवणाऱ्या प्रतिपिंडांना प्रेसिपिटिन हे नाव मिळाले.

उलेनहूट यांनी सुरुवात केली ती अंड्यापासून. सशाला कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक काही दिवसांच्या अंतराने पुन:पुन्हा टोचला, त्याचे सीरम काढले आणि ते बलकाच्या अत्यंत पातळ द्रावात मिसळले. रासायनिक कसोट्यांना जे सापडत नव्हते, ते या सीरमने पकडले. १९०० मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. पुढचा विचार सरळ होता. ससा अंड्याचे प्रथिन इतके नेमके ओळखत असेल, तर तो रक्ताचेही ओळखेल. कोंबडीचे रक्त टोचलेल्या सशाच्या सीरमने कोंबडीच्या रक्तात साका बसवला, घोड्याच्या किंवा बैलाच्या रक्ताला ते दाद देईना. मग माणसाचे रक्त टोचले तर?

या प्रश्नाचे उत्तर ७ फेब्रुवारी १९०१ रोजी जर्मनीतल्या एका प्रमुख वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. माणसाचे रक्त टोचलेल्या सशाचे सीरम उलेनहूट यांनी बैल, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, कुत्रा, मांजर, हरीण, उंदीर, कोंबडी, कबूतर अशा अनेक प्राण्यांच्या रक्ताच्या पातळ द्रावांत थेंब थेंब टाकले होते. सगळ्या नळ्या स्वच्छ राहिल्या. गढूळ झाली ती माणसाच्या रक्ताची नळी. ताज्या रक्तापुरतेच हे खरे असते तर पोलिसांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी फळीवर चार आठवडे वाळलेले रक्तही मिठाच्या पाण्यात भिजवून तपासले. उत्तर तेच आले. त्याच महिन्यात बर्लिनच्या वासरमान आणि शुट्झे यांनीही स्वतंत्रपणे तसेच निष्कर्ष मांडले. हे वासरमान म्हणजे गरमीच्या रोगाच्या रक्तचाचणीमुळे पुढे घरोघरी नाव झालेले शास्त्रज्ञ.

चाचणी कशी होते, हे समजायला अवघड नाही. डागाचा लहान तुकडा कापून मिठाच्या सौम्य द्रावात, म्हणजे सलाइनमध्ये, भिजत ठेवतात. प्रथिन द्रावात उतरते. तो गाळून इतका पातळ करतात की रंग जवळजवळ दिसत नाही. नळी हलवल्यावर वर फेस टिकून राहिला तर प्रथिन उतरले आहे, असे समजतात. मग बारीक नळीत खाली सशाचे सीरम आणि त्यावर अलगद हा द्राव सोडतात. दोन्ही जिथे भेटतात तिथे, काही मिनिटांत, तांदळाच्या धुवणासारखी एक पांढुरकी कडी उमटते. कडी उमटली म्हणजे द्रावात माणसाचे प्रथिन आहे.

पण एका नळीतली एक कडी म्हणजे पुरावा नव्हे, हे उलेनहूट यांनी पहिल्यापासून बजावले. ग्राइफ्सवाल्डचेच न्यायवैद्यकाचे प्राध्यापक ओटो बॉइमर यांच्यासह त्यांनी निरनिराळ्या जुन्या डागांवर ही पद्धत पारखून घेतली. संशयित डागाच्या नळीशेजारी आणखी नळ्या हव्यात. एकीत माणसाचे खात्रीचे रक्त, तिथे कडी उमटलीच पाहिजे. दुसरीत जनावराचे खात्रीचे रक्त, तिथे उमटता कामा नये. तिसरीत त्याच कपड्याच्या डाग नसलेल्या भागाचा द्राव, म्हणजे कापडातला रंग किंवा खळ फसवत नाही ना, हे कळते. चौथीत डागाचा द्राव आणि काहीही न टोचलेल्या सशाचे सीरम. शिवाय वेळेची मर्यादा. काही मिनिटांत आलेली कडी धरायची, तासाभराने आलेला गढूळपणा धरायचा नाही. यातली एकही नळी चुकली तर सगळी तपासणी रद्द. ही शिस्त बाजूला ठेवली असती, तर ही पद्धतही त्या पॅरिसच्या वासाच्या पंक्तीला जाऊन बसली असती.

या शिस्तीची कसोटी लगेचच लागली. १ जुलै १९०१ रोजी ग्राइफ्सवाल्डपासून जवळच्या रुगेन बेटावर, ग्योरेन गावात, दोन लहान भाऊ खेळायला गेले ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी रानात त्यांचे छिन्नविच्छिन्न देह सापडले. संशय लुडविग टेसनो या सुताराचे काम करणाऱ्या भटक्या कारागिरावर गेला. त्याच्या घरी धुतलेले पण डाग राहिलेले कपडे मिळाले. डाग लाकडाला लावायच्या रंगाचे आहेत, असे त्याने सांगितले. तीन वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, ओस्नाब्रुकजवळच्या गावात दोन लहान मुलींचा असाच खून झाला होता. तेव्हाही हाच टेसनो पकडला गेला होता, त्याने हेच उत्तर दिले होते, आणि ते खोडून काढता न आल्याने तो सुटला होता. आता आणखी एक धागा जुळला. खुनाच्या काही आठवडे आधी बेटावरच्या एका शेतकऱ्याच्या मेंढ्या कोणीतरी निर्दयपणे चिरून टाकल्या होत्या. पळून जाणारा माणूस त्या शेतकऱ्याने पाहिला होता, आणि त्याने टेसनोला ओळखले.

जुलैच्या अखेरीस कपडे उलेनहूट यांच्याकडे आले. डाग रंगाचे की रक्ताचे, एवढाच प्रश्न नव्हता. रक्ताचे ठरले असते तर आरोपी ते कोणत्याही जनावराचे म्हणू शकला असता. उलेनहूट यांनी कपड्यांवरचे डाग एकेक करून, वेगवेगळ्या सीरमने तपासले. काही डाग माणसाच्या रक्ताचे निघाले. काही मेंढीच्या रक्ताचे निघाले. एकाच माणसाच्या कपड्यांनी मेंढ्यांची आणि मुलांची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. खटला चालला, टेसनो दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. या पद्धतीने न्यायालयात दिलेल्या पहिल्या काही साक्षींपैकी ही एक. १९०३ मध्ये प्रशियाच्या न्यायखात्याने ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

एखादी नवी चाचणी गाजली की तिच्याकडून नको तेवढ्या अपेक्षा केल्या जातात. उलेनहूट यांनी ती कुठे थांबते, हेही शोधले. पहिली मर्यादा अशी की, चाचणी माणसाचे प्रथिन ओळखते, रक्त नव्हे. लाळ, वीर्य, दूध यांतही माणसाचे प्रथिन असते. म्हणून आधी रासायनिक कसोटीने डाग रक्ताचा असल्याचे ठरवायचे आणि मगच ते माणसाचे की नाही हे पाहायचे. दुसरी मर्यादा नात्याची. जवळच्या प्राण्यांची प्रथिनेही जवळची असतात. घोडा आणि गाढव, मेंढी आणि बकरी यांच्यात कडी घोटाळा करू शकते. माणसाविरुद्धचे सीरम माकडांच्या रक्तातही काही प्रमाणात साका बसवते. गुन्ह्याच्या तपासात ही अडचण होती, पण जीवशास्त्राला तिने खजिना दिला. केंब्रिजच्या जॉर्ज नटॉल यांनी शेकडो प्राण्यांच्या रक्तांवर अशा सुमारे सोळा हजार चाचण्या करून १९०४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता प्राणी कोणाचा किती जवळचा, हे साक्याच्या प्रमाणावरून मांडता येऊ लागले. आपण ज्याला रक्ताचे नाते म्हणतो, ते अक्षरशः नळीत दिसू लागले.

तिसरा शोध अधिकच चकित करणारा होता. उलेनहूट यांनी १९०३ मध्ये डोळ्यातल्या भिंगाची प्रथिने तपासली. बैलाच्या भिंगाविरुद्धचे सीरम इतर प्राण्यांच्या, अगदी पक्ष्यांच्याही भिंगात साका बसवत होते, पण त्याच बैलाच्या रक्ताला ओळखत नव्हते. म्हणजे काही प्रथिने जातीची ओळख सांगतात, तर काही अवयवाची. कोणत्या पदार्थाला कोणता प्रश्न विचारायचा हे आधी ठरवावे लागते, नाहीतर उत्तर बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो.

या पद्धतीचा उपयोग स्वयंपाकघरापर्यंत पोचला. जर्मनीत सॉसेजमध्ये गोमांसाऐवजी स्वस्त घोड्याचे मांस मिसळण्याचे प्रकार होत. खिम्यात काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, पण सीरमला कळते. मांसातली भेसळ ओळखण्यासाठी ही चाचणी रूढ झाली. १९०६ मध्ये उलेनहूट बर्लिनच्या शाही आरोग्य खात्यात जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि १९०९ मध्ये सहकारी वाइडान्झ यांच्यासह त्यांनी या पद्धतीची कार्यपुस्तिका लिहिली.

भारतातही ही पद्धत आली आणि टिकली. कोलकात्यात सरकारी सीरॉलॉजिस्टचे कार्यालय उभे राहिले. देशभरातून, मुंबई इलाख्यातूनही, डाग पडलेले कपडे, कोयते, माती तिकडे जात. इथला केमिकल ॲनालायझर रक्त आहे की नाही ते सांगे, आणि ते माणसाचे की नाही हे कोलकात्याहून कळे. फौजदारी प्रक्रिया संहितेत सीरॉलॉजिस्टच्या अहवालाला पुरावा म्हणून स्थान दिले गेले. १९५० च्या दशकात मुंबई राज्यातल्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या या मुद्द्यावर बोट ठेवले होते. वस्तूंवर रक्त होते, पण ते माणसाचे असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. दुसरीकडे, डाग कुजल्याने सीरॉलॉजिस्टला मूळ ठरवता आले नाही, एवढ्यावरून तो पुरावा निरुपयोगी ठरत नाही, असेही याच न्यायालयाने १९९९ मधल्या एका निकालात सांगितले. ‘माणसाचे नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. अहवाल वाचणाऱ्याने त्यांची गल्लत केली तर निकालच फिरतो.

रक्ताच्या डागांनी उलेनहूट यांना कीर्ती दिली, पण त्यांचे आयुष्य तेवढ्यात संपत नाही. क्षयाच्या निदानासाठी थुंकीत जंतू शोधावे लागतात, आणि चिकट बेडक्यात ते सापडता सापडत नाहीत. १९०८ मध्ये त्यांनी झायलँडर यांच्यासह अँटिफॉर्मिन या द्रावाने बेडका विरघळवण्याची युक्ती दाखवली. बेडका विरघळे आणि मेणचट आवरणाचे क्षयजंतू मागे राहत. आर्सेनिकयुक्त ॲटॉक्सिलचा गरमीवर उपयोग होतो हे त्यांनी दाखवले. ते औषध दृष्टीच्या मज्जातंतूला घातक असल्याने मागे पडले, पण त्याच वाटेवर पुढे एर्लिख यांचे सॅल्व्हरसान आले. अँटिमनीच्या सेंद्रिय संयुगांवरही त्यांनी सहकाऱ्यांसह काम केले. बंगाल-आसामात काळ्या आजाराने माणसे मरत होती तेव्हा अशाच संयुगांनी अनेकांचे प्राण वाचवले. कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तयार केलेले युरिया स्टिबामाइन याच कुळातले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे काम १९१५ मधले आहे. १९११ पासून ते स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक होते. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पाण्याने, चिखलाने आणि उंदरांनी भरलेल्या खंदकांतले सैनिक ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडू लागले. वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला हाच आजार होता, पण त्याचे कारण ठाऊक नव्हते. उलेनहूट आणि फ्रॉमे यांनी आजारी सैनिकांचे रक्त गिनीपिगना टोचले आणि त्यांच्या शरीरात मळसूत्रासारखा बारीक जंतू पाहिला. त्याच सुमारास ह्युबनर आणि रायटर यांनाही तो दिसला. जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी तो आधीच शोधला होता, पण युद्धामुळे ती बातमी जर्मनीत पोचली नव्हती. तो जंतू म्हणजे लेप्टोस्पायरा. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात आणि कोकणातल्या भातखाचरांत ज्याची भीती असते, तो लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा अनुभवला आहे. उंदीर, कुत्री आणि गुरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, पिंढऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे, यांपैकी काही झाले तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हा धडा त्या खंदकांपासून आजपर्यंत तोच आहे. वेळेत दिलेले साधे प्रतिजैविक इथे जीव वाचवते.

युद्ध हरल्यावर स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले आणि जर्मन प्राध्यापकांना शहर सोडावे लागले. उलेनहूट १९२१ मध्ये मारबुर्ग आणि १९२३ मध्ये फ्रायबुर्ग येथे गेले. १९३६ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सोडली नाही. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, ते मिळाले मात्र नाही.

याच टप्प्यावर त्यांच्या चरित्रातले सर्वांत अवघड पान येते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि विद्यापीठांतून ज्यू अध्यापकांना काढून टाकण्यास सुरुवात झाली. फ्रायबुर्गच्याच वैद्यक विभागातल्या हान्स क्रेब्स यांना नोकरी आणि देश सोडावा लागला. ते इंग्लंडला गेले आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. उलेनहूट यांनी नव्या राजवटीशी जुळवून घेतले. वंशाचे खूळ तेव्हा विज्ञानाचा वेश घेऊन फिरत होते, आणि सीरमच्या चाचणीने माणसांचे वंश वेगळे ओळखता येतील, अशी काही संशोधकांची आशा होती. १९४४ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांच्या उलेनहूट यांनीही अशा अभ्यासासाठी वेगवेगळ्या वर्णांच्या युद्धकैद्यांवर काम करू द्यावे, अशी मागणी लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे केली. माणूस आणि जनावर यांच्यातली रेषा दाखवणाऱ्या चाचणीला आता माणसा-माणसांतली रेषा विचारली जात होती, आणि तीही ज्यांना नाही म्हणता येणार नाही अशा कैद्यांच्या रक्ताकडून.

सशाच्या सीरमला गोरा, काळा, जर्मन, ज्यू असा भेद करता येत नाही. कारण ज्या प्रथिनांवर ते बोट ठेवते, ती सर्व माणसांत सारखीच आहेत. ग्राइफ्सवाल्डमधल्या पहिल्या नळ्यांनी हे सांगून ठेवले होते. पद्धतीची मर्यादा ओळखण्याचा धडा ज्यांनी जगाला दिला, त्यांनाच म्हातारपणी तो आठवला नाही. याला वयाचे निमित्त देऊन चालणार नाही. त्या काळातले अनेक विद्वान, चांगल्या शिकलेले डॉक्टर, याच वाटेने गेले. चाचणी नेमकी असल्याने ती वापरणारा आपोआप न्यायी होत नाही.

१३ डिसेंबर १९५७ रोजी फ्रायबुर्ग येथे, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी उलेनहूट यांचे निधन झाले. त्यांच्या चाचणीचे रूप त्याआधीच बदलू लागले होते. स्वीडनच्या ऑक्टरलोनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस नळीऐवजी आगरच्या थरात ती करून दाखवली, नंतर विजेच्या प्रवाहाने ती वेगवान झाली. आता कोविडच्या घरगुती चाचणीसारखी पट्टीही मिळते. डागाचा द्राव टाकला की काही मिनिटांत रेघ उमटते. प्रतिपिंडाने आपले प्रथिन ओळखायचे, हे तत्त्व मात्र तेच आहे. १९८४ मध्ये इंग्लंडच्या ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएचे ठसे शोधल्यावर ‘माणसाचे रक्त’ या उत्तराच्या पुढे जाऊन ‘या माणसाचे रक्त’ इथपर्यंत पोचता आले. तरीही पहिला प्रश्न तोच राहतो: हे रक्त आहे का, आणि माणसाचे आहे का?

त्याचे उत्तर मिळण्यासाठी डाग प्रयोगशाळेपर्यंत धड पोचावा लागतो, आणि इथे सामान्य माणसाचाही हातभार लागतो. मारहाण किंवा अत्याचाराच्या घटनेनंतर अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले तर बुरशी आणि जंतू प्रथिने खाऊन टाकतात, आणि मग अहवालात मूळ सांगता येत नाही असे येते. कपडे सावलीत, वाऱ्यावर वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळून पोलिसांकडे किंवा रुग्णालयात द्यावा. उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नये. वाळलेला डाग महिनोन् महिने बोलतो, कुजलेला काही दिवसांतच मुका होतो.

आणि अहवाल हातात आला की तो जेवढे सांगतो तेवढेच वाचावे. डाग माणसाच्या रक्ताचा आहे, याचा अर्थ तो माणसाच्या रक्ताचा आहे, इतकाच. ते रक्त कोणाचे, तिथे कसे आले आणि त्यासाठी कोण जबाबदार, ही उत्तरे दुसऱ्या पुराव्यांतून मिळवावी लागतात.